इंगल्स घराण्याचे कागद

१८७५च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटा राज्यातल्या वॉलनट ग्रोव्ह गावाजवळच्या एका शेतकऱ्याने सही करून लिहून दिलं की आपल्याजवळ गुजराणीचं कसलंही साधन उरलेलं नाही. तेव्हा कुठे त्याला मदत म्हणून पिठाची दोन अर्धी पिंपं मिळाली. त्यांची किंमत ५ डॉलर २५ सेंट. माणूस ३९ वर्षांचा, घरात बायको, तीन मुली आणि त्याच महिन्यात जन्मलेला मुलगा. लागोपाठ दोन हंगाम टोळांनी खाऊन टाकले होते. चार्ल्स फिलिप इंगल्स हे त्याचं नाव. त्याची दुसरी मुलगी लॉरा तेव्हा आठ वर्षांची होती. वयाच्या ६५व्या वर्षी, १९३२मध्ये, तिचं पहिलं पुस्तक निघालं आणि पुढच्या काही वर्षांत प्रेअरीवरच्या तिच्या बालपणाच्या कादंबऱ्या जगभरच्या मुलांच्या हाती गेल्या. टोळधाड त्या पुस्तकांत आहे. वडिलांची ही सही नाही.

अमेरिकेच्या मधोमध पसरलेला अफाट गवताळ प्रदेश म्हणजे प्रेअरी. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो कुटुंबं इथल्या सरकारी जमिनीवर वसायला आली. त्यांतल्या बहुतेकांची वंशावळ लिहायची तर आज हाताशी फक्त कागद असतात: जनगणनेतली एखादी ओळ, जमिनीची फाईल, चर्चमधली नोंद, कबरीवरचा दगड. इंगल्स कुटुंबाचे कागदही शिल्लक आहेत आणि घरातल्याच मुलीने सांगितलेली गोष्टही. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. घराणं स्वतःबद्दल काय जपतं आणि काय गाळतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या घराण्याचा अमेरिकेतला मूळ पुरुष एडमंड इंगल्स, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या स्कर्बेकचा. १६२९मध्ये तो आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, आज जिथे लिन हे शहर आहे तिथे, अगदी पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर स्थिरावले. १६४८मध्ये सॉगस नदीवरच्या मोडक्या पुलावरून एडमंड घोड्यासकट खाली गेला आणि बुडाला. पूल नीट न राखल्याबद्दल वारसांनी दाद मागितली, आणि वसाहतीच्या कारभाऱ्यांनी ती मान्य केली. १७व्या शतकातल्या एका साध्या शेतकऱ्याच्या मृत्यूचं कारण आज कळतं ते या दाव्यामुळे. वंशावळ शोधणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे. सुखात गेलेलं आयुष्य मागे कागद ठेवत नाही. कर्ज, खटला, जप्ती, मदतीचा अर्ज यांचे कागद मात्र उरतात.

एडमंडची मुलगी फेथ, आणि फेथची मुलगी मार्था कॅरियर. सेलमच्या चेटकीण खटल्यांत १९ ऑगस्ट १६९२ रोजी जिला फाशी दिलं, ती हीच मार्था. तिच्या सात-आठ वर्षांच्या मुलीकडूनही आईविरुद्ध जबानी घेतली होती. मार्थाने शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. लॉराचं कुळ फेथच्या भावाकडून, हेन्रीकडून खाली येतं, म्हणजे मार्था तिची थेट पूर्वज नव्हे. तरीही घराणं तेच.

पुढे १८व्या शतकाच्या शेवटाकडे सॅम्युअल इंगल्स येतो. हा पद्य लिहायचा आणि स्वतःला अशिक्षित कवी म्हणवायचा. त्याची बायको मार्गारेट डेलानो. १६२१मध्ये प्लिमथला आलेल्या फिलिप द लानोय याच्यापासून डेलानो कुळ सुरू होतं, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट आईकडून त्याच कुळातले. त्यामुळे लॉरा आणि रूझवेल्ट लांबचे भाऊबंद ठरतात. १९३०च्या दशकात लॉरा आणि तिची मुलगी रोझ याच रूझवेल्टच्या आर्थिक धोरणांच्या कडव्या विरोधक होत्या.

सॅम्युअलचा मुलगा लॅन्सफर्ड १८१२मध्ये कॅनडात जन्मला, न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा गावी राहिला, तिथून इलिनॉयला आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या कॉनकॉर्डला गेला. चार्ल्सचा जन्म क्यूबातला, १० जानेवारी १८३६चा. पिढीगणिक पश्चिमेकडे सरकणारी ही माणसं होती. चार्ल्सच्या अंगात असलेली भटकंती वडिलांकडून आलेली म्हणायची की कर्जाकडून आलेली, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा समोर येतो. कॉनकॉर्डलाच त्याला कॅरोलाइन क्वाइनर भेटली. तिचे वडील हेन्री क्वाइनर ती पाच वर्षांची असताना मिशिगन सरोवरात शिडाच्या जहाजाबरोबर बुडाले होते. आई शार्लट टकरने मुलं एकटीने सांभाळली, काही वर्षांनी दुसरं लग्न केलं. कॅरोलाइन शाळेत शिकवायची. १ फेब्रुवारी १८६० रोजी तिचं आणि चार्ल्सचं लग्न झालं.

१९०३मध्ये चार्ल्स बर्ले नावाच्या वंशसंशोधकाने इंगल्स घराण्याचा इतिहास छापला. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांची अशी जाडजूड पुस्तकं त्या काळात भराभर निघत होती. पण अशा पुस्तकांत जन्म, लग्न, मृत्यू आणि मुलांची नावं एवढंच मिळतं. प्रेअरीवर माणसं कशी जगली हे कळायला जमिनीच्या कचेरीत जावं लागतं.

२० मे १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा साधा होता. वय २१ पूर्ण असलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाने सरकारी जमिनीतल्या १६० एकरांवर हक्क नोंदवावा. परदेशातून आलेल्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला तरी चालत असे. त्या जमिनीवर पाच वर्षं राहावं, घर बांधावं, जमीन लागवडीखाली आणावी. मग सरकार मालकीची सनद देई. सगळं शुल्क मिळून १८ डॉलर. एक अट युद्धाच्या दिवसांना शोभणारी होती: अर्जदाराने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही स्वतःच्या नावावर हक्क नोंदवता येई. नवऱ्याच्या घरी नांदणारीला येत नसे. सव्वाशे वर्षांत या कायद्याखाली सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि जवळपास २७ कोटी एकर जमीन, म्हणजे देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा, खासगी मालकीत गेली.

१६० हा आकडा मोजणीतून आला. १७८५च्या कायद्याने पश्चिमेकडच्या जमिनीवर सरळ रेघांची जाळी आखायला सुरुवात झाली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस म्हणजे टाउनशिप. त्यात एकेका चौरस मैलाचे ३६ विभाग. एका विभागात ६४० एकर, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. नदी, टेकडी, जुनी पायवाट, कोणाची दफनभूमी, यांची त्या रेघांनी पर्वा केली नाही. पण त्यामुळेच आज कागदावरून जागा नेमकी सापडते. डाकोटातल्या डी स्मेट गावाजवळची चार्ल्स इंगल्सची होमस्टेड कागदावर अशी आहे: टाउनशिप ११०, रेंज ५६, विभाग ३, ईशान्येकडचा पाव हिस्सा. एवढं हाती असलं की नकाशावर बोट ठेवता येतं.

जमीन कायमची मिळवायची तर अर्जदाराला कचेरीत शपथेवर जबाब द्यावा लागे आणि दोन शेजाऱ्यांना साक्षीला उभं करावं लागे. वय किती, जन्म कुठला, बायको आणि मुलं किती, घर कधी बांधलं, ते केवढं, दारं-खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगरले, काय पेरलं, या काळात किती दिवस घर सोडून गेला होतात आणि का. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागद सोबत. हे सगळं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फायलींमध्ये जपलेलं आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर जमीन, धारक आणि पीक यांची नोंद असते. इथे त्याच्या जोडीला कुटुंबाचं अख्खं बिऱ्हाडच कागदावर मांडलेलं दिसतं. वंशावळ शोधणाऱ्याला या फायलींइतकं मोलाचं दुसरं साधन नाही. ज्यांचा हक्क पुरा झाला नाही, जे मध्येच सोडून गेले, त्यांचेही अर्ज ठेवलेले आहेत. ज्या आजोबांनी डाकोटात दोन वर्षं काढली आणि घरी कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यांचा ठावठिकाणा नातवंडांना अशाच अर्धवट फायलीतून लागतो.

चार्ल्सने डाकोटातला हक्क १८८०च्या फेब्रुवारीत ब्रुकिंग्जच्या कचेरीत नोंदवला आणि सहा वर्षांनी जबाब देऊन तो पक्का केला. तेव्हा तो ५० वर्षांचा होता. पण त्याआधी त्याने जमिनीचे जे खेळ केले, त्यांतला एक या घराण्याच्या इतिहासात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो कॅन्ससमधला.

लॉराच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात कुटुंब विस्कॉन्सिनच्या जंगलातलं घर विकून इंडियन प्रदेशात जातं, ओंडक्यांचं घर बांधतं, आणि वर्षभराने सरकारी सैनिक येणार म्हणून वडील चिडून सगळं सोडून निघतात. पुस्तकात ती जागा इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे. लिहिताना लॉराकडे स्वतःची आठवण जवळजवळ नव्हतीच. कॅन्ससला ती गेली दोन-अडीच वर्षांची असताना आणि परतली चार वर्षांची. घरात ऐकलेल्या गोष्टींवरून तिने लिहिलं. चाळीस मैलांचा हिशोब धरला तर जागा ओक्लाहोमात पडते, आणि लॉरा व रोझ पुस्तकाच्या तयारीसाठी तिकडे शोधून आल्याही होत्या. घर सापडलं नाही.

माग लागला तो पुष्कळ नंतर, कौटुंबिक बायबलवरून. अमेरिकेत अनेक घरांत मोठं बायबल असे आणि त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायची रीत होती. इंगल्सांच्या बायबलात तिसऱ्या मुलीची, कॅरीची नोंद होती: ३ ऑगस्ट १८७०, माँटगोमेरी काउंटी, कॅन्सस. म्हणजे जागा कॅन्ससमध्येच होती. काउंटी कळल्यावर संशोधकांनी १८७०ची जनगणना चाळली आणि रटलंड टाउनशिपमध्ये कुटुंब सापडलं. इंडिपेंडन्सपासून अंतर जेमतेम तेरा मैल. प्रगणक घरामागून घर असा फिरत असल्यामुळे शेजारी कोण, हेही कळलं. त्या शेजाऱ्यांच्या जमिनीचे नंतरचे कागद काढून, ज्या जागा दुसऱ्यांच्या होत्या त्या एकेक वगळत, उरलेली जागा इंगल्सांची असा निष्कर्ष निघाला. जनगणनेत जवळच डॉक्टर जॉर्ज टॅन यांचं नाव आहे. हे कृष्णवर्णीय होमिओपॅथिक डॉक्टर. सगळं घर हिवतापाने झोपलं असताना पुस्तकात जो डॉक्टर येऊन वाचवतो, तो खराखुरा माणूस होता, आणि कागदानेच ते सिद्ध केलं.

पुस्तकात कॅरी तान्ही असतानाच कुटुंब कॅन्ससला जातं. खरं तर ती तिथेच जन्मली. याचं कारण कळायला पुस्तकांचा क्रम पाहावा लागतो. लॉराने आधी विस्कॉन्सिनचं पुस्तक लिहिलं, मग कॅन्ससचं. पण कुटुंब कॅन्ससहून विस्कॉन्सिनला परतलं होतं, आणि तिला आठवणारं जंगलातलं घर या परतीनंतरचं होतं. परतीचं एक कारण खतपत्रातून कळतं: विस्कॉन्सिनचं घर घेणाऱ्याला पैसे फेडता आले नाहीत आणि त्याने घर परत केलं.

पण जनगणनेच्या त्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे. जमिनीच्या किमतीचा रकाना तिथल्या वसाहतवाल्यांपुढे रिकामा आहे, कारण ती जमीन त्यांची नव्हतीच. ती ओसेज या मूलनिवासी जमातीची राखीव भूमी होती. चार्ल्स आणि त्याच्यासारखे शेकडो गोरे लोक तिथे कायद्याविरुद्ध घुसले होते, ओसेजांना हुसकावून सरकार लवकरच जमीन खुली करेल या भरवशावर. भरवसा खरा ठरला. जुलै १८७०मध्ये काँग्रेसने कायदा केला, सप्टेंबरात ड्रम क्रीकच्या बैठकीत ओसेजांकडून संमती घेण्यात आली, आणि एकरी सव्वा डॉलरने ती जमीन वसाहतवाल्यांना विकायचं ठरलं. ओसेज दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले. कॅरीचा जन्म झाला तो नेमका या दोन तारखांच्या मधे. पुस्तकातल्या मुलीला ओसेजांची लांबच लांब रांग दारापुढून जाताना दिसते आणि तिला रडू येतं. ही रांग का निघाली, याचं उत्तर मुलीच्या गोष्टीत मिळत नाही. प्रगणकाच्या रिकाम्या रकान्यात मिळतं.

वॉलनट ग्रोव्हचं पर्व मी थोडक्यात सांगतो. चार्ल्सने १८७४मध्ये प्लम क्रीकच्या काठी जमीन घेतली, रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळांच्या झुंडींनी पिकं संपवली, आणि १८७६मध्ये शेत विकून कुटुंब निघालं. हे टोळ नंतर पृथ्वीवरूनच नाहीसे झाले. १९०२नंतर त्यांचा जिवंत नमुना कोणाला मिळालेला नाही. वाटेत मिनेसोटातच साउथ ट्रॉयजवळ चार्ल्सच्या भावाकडे मुक्काम असताना, २७ ऑगस्ट १८७६ रोजी, नऊ महिन्यांचा फ्रेडी गेला. तेच ते पिठाच्या पिंपांच्या वेळचं बाळ. चार्ल्स आणि कॅरोलाइनचा एकुलता एक मुलगा. कादंबऱ्यांत फ्रेडी जन्मतही नाही, मरतही नाही. आयोवातल्या बर ओक गावी कुटुंबाने हॉटेल चालवायला मदत केली, धाकटी मुलगी ग्रेस तिथे जन्मली, आणि डोक्यावर देणी असल्यामुळे एका रात्री त्यांनी गाव सोडलं. हेही कादंबऱ्यांत नाही. लॉराने १९३०च्या सुमारास मोठ्यांसाठी लिहिलेल्या आत्मकथनात हे सगळं होतं. ते हस्तलिखित तिच्या हयातीत छापलं गेलं नाही. २०१४मध्ये साउथ डाकोटाच्या इतिहास संस्थेने टिपांसह प्रसिद्ध केलं.

मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईने मेलेला भाऊ आणि बुडवलेलं कर्ज गाळलं, यात मला खोटेपणा दिसत नाही. ती वडिलांचं स्मारक बांधत होती. वंशावळीच्या अभ्यासकाला मात्र गाळलेल्या माणसांशीच काम असतं. १८८०-८१च्या भीषण हिवाळ्यात, रेल्वे बंद पडून डी स्मेट गाव उपाशी मरायला टेकलं होतं तेव्हा, कादंबरीत घरात फक्त सहा माणसं आहेत. प्रत्यक्षात जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे जोडपं त्यांच्या बाळासह तिथेच राहत होतं. १८७९मध्ये रेल्वेच्या छावणीत चार्ल्सला नोकरी देऊ करणारी त्याची बहीण डोशा कादंबरीत सरळ हायरम फोर्ब्सची बायको म्हणून येते, लीना आणि जीन ही तिच्या घरातली मुलं. कागद सांगतात की मुलं तिच्या पहिल्या नवऱ्याची, वाल्डफोगेलची होती, आणि ते लग्न मोडलं होतं. त्या काळी प्रेअरीवर घटस्फोट झाकून ठेवायची गोष्ट होती.

लॉराची मोठी बहीण मेरी हिच्या आंधळेपणाचंही असंच. पुस्तकात तिचे डोळे लोहितांग ज्वराने जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी तेच खरं मानलं. २०१३मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने लॉराचं आत्मकथन, तिची पत्रं, त्या वेळच्या स्थानिक वृत्तपत्रांतल्या बातम्या आणि अंधशाळेची नोंदवही तपासून दाखवलं की १८७९चा तो आजार बहुधा मेंदूचा आणि मेंदूच्या आवरणाचा विषाणूजन्य दाह असावा. मेरी १८८१मध्ये आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत दाखल झाली आणि १८८९मध्ये शिक्षण पुरं करून घरी परतली. शेतातून फारसं काही हाती न लागणाऱ्या घराने आंधळ्या मुलीला परराज्यात ठेवून शिकवलं. चार्ल्सबद्दल माझं मत चांगलं होतं ते इथे.

लॉराच्या सासरचे कागदही बोलके आहेत. कादंबरीत कडाक्याच्या हिवाळ्यातला आल्मान्झो वाइल्डर, लॉराचा होणारा नवरा, १९ वर्षांचा आहे, आणि होमस्टेड मिळवण्यासाठी त्याने २१ सांगितले असं सूचित केलेलं आहे. पण त्याचा जन्म १८५७चा. त्या हिवाळ्यात तो २३ वर्षांचा होता. त्याला वयाबद्दल काहीच खोटं बोलावं लागलं नव्हतं. कादंबरीत लॉरा आणि त्याच्यातलं दहा वर्षांचं अंतर कमी करण्याची गरज होती, एवढंच. त्याची बहीण इलायझा जेन, पुस्तकातली कडक मास्तरीण, हिने एकटीने स्वतःची होमस्टेड घेतली होती. तिच्या फाईलमध्ये तिने हाताने लिहिलेलं लांबलचक निवेदन आहे: वादळं, आजारपणं, शिकवण्याच्या नोकरीसाठी सोडावी लागलेली जमीन, पुन्हा परत येणं. कचेरीला खुलासा म्हणून लिहिलेला हा मजकूर प्रेअरीवर एकट्या राहिलेल्या स्त्रीच्या आयुष्याचं अस्सल वर्णन आहे, आणि ते पुस्तक म्हणून लिहिलेलं नसल्यानेच मला जास्त भिडतं.

अशा शोधात एक मोठं खिंडार आहे. १८९०च्या जनगणनेचे कागद १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत सापडले आणि शेवटी त्यांतले जवळजवळ सगळे नष्ट झाले. प्रेअरीवर माणसं सर्वांत जास्त हलली ती याच काळात. १८८०मध्ये डाकोटात दिसणारं घर १९००मध्ये मिसूरीत किंवा ओरेगॉनमध्ये दिसतं. मधली वीस वर्षं जमिनीच्या फायली, राज्यांच्या जनगणना आणि गावच्या वृत्तपत्रांतून भरून काढावी लागतात. लॉराची वीस वर्षंही अशीच गेली: १८८५चं लग्न, १८८६मध्ये रोझचा जन्म, घटसर्पाने आल्मान्झोच्या पायांत आलेला अधूपणा, १८८९च्या ऑगस्टमध्ये जन्मून काही दिवसांतच गेलेला, नाव न ठेवलेला मुलगा, त्याच महिन्यात जळालेलं घर, मग दुष्काळ, आणि १८९४मध्ये घोडागाडीने मिसूरीतल्या मॅन्सफील्डकडे प्रयाण.

ज्यांच्या जमिनीवर कॅरी जन्मली, त्या ओसेजांची वंशावळही सरकारी कागदावरच उभी आहे, पण वेगळ्या. १९०६च्या कायद्याने त्यांच्या उरलेल्या भूमीची वाटणी झाली, तेव्हा जमातीच्या माणसांची यादी केली गेली. तीत २,२२९ नावं आहेत. भूमीखालच्या तेलाच्या उत्पन्नातला हिस्सा या नावांना मिळाला आणि तो वारसाने उतरतो. त्यामुळे आजही ओसेज घराण्याला आपलं मूळ दाखवायचं तर त्या यादीतल्या पूर्वजापर्यंत पोचावं लागतं. होमस्टेडची फाईल विचारते, या जमिनीवर तुम्ही काय उभं केलंत. ओसेज यादी विचारते, तुम्ही कोणाचे. दोन्ही कागद एकाच सरकारने केले, आणि पहिल्या कागदाआधी दुसऱ्या कागदातल्या लोकांना उठवावं लागलं होतं. प्रेअरीवरच्या गोऱ्या घराण्याची वंशावळ लिहिताना हा संबंध सोडून दिला तर ती अर्धीच राहते.

चार्ल्स आणि कॅरोलाइनचा थेट वंश लवकर संपला. मेरीने लग्न केलं नाही. ती १९२८मध्ये गेली. कॅरीने १९१२मध्ये बायको वारलेल्या डेव्हिड स्वान्झीशी लग्न करून त्याची दोन मुलं वाढवली. ग्रेसला मूल झालं नाही. लॉरा १९५७मध्ये वारली, नव्वदी पुरी करून. तिची एकुलती मुलगी रोझ वाइल्डर लेन, स्वतः नावाजलेली लेखिका, हिचं मूलही जन्मतःच गेलं होतं. ३० ऑक्टोबर १९६८ला रोझ गेली आणि ही शाखा थांबली. पुस्तकांचे हक्क तिने नातवाप्रमाणे मानलेल्या एका तरुण वकिलाकडे गेले.

पण कॉनकॉर्डला १८६०च्या आसपास या दोन घरांत एक नाही, तीन लग्नं झाली होती. चार्ल्सने कॅरोलाइनशी केलं. चार्ल्सची बहीण पॉली हिने कॅरोलाइनच्या भावाशी, हेन्रीशी. आणि चार्ल्सचा भाऊ पीटर याने कॅरोलाइनची बहीण इलायझा हिच्याशी. चांगलं साटंलोटं झालं. त्यामुळे पॉलीची मुलं लॉराची एकाच वेळी आतेभावंडंही आणि मामेभावंडंही. पीटरची मुलं चुलतही आणि मावसही. लॅन्सफर्ड इंगल्स आणि लॉरा कोल्बी, हेन्री क्वाइनर आणि शार्लट टकर हे लॉराचे चारही आजी-आजोबा या भावंडांचेही तेच. पीटर-इलायझाचा मुलगा, त्याचंही नाव पीटर, डी स्मेटला लॉरा आणि आल्मान्झोबरोबर भागीत मेंढ्या पाळत असे. पुढे तो दक्षिणेला फ्लोरिडातल्या वेस्टव्हिलला गेला. आल्मान्झोला ऊब मानवेल म्हणून १८९१मध्ये लॉराचं कुटुंबही त्याच्यामागून तिथे गेलं, पण दमट हवा सोसेना म्हणून पुढच्याच वर्षी परतलं. पीटर राहिला. त्याने तिथल्याच मेरी मॅकगोविनशी लग्न केलं, त्यांना मुलंबाळं झाली, आणि विस्कॉन्सिनच्या त्या चार आजी-आजोबांचा वंश प्रेअरीपासून दूर, फ्लोरिडाच्या पाइन वनांत वाढला.